पाणी भरेपर्यंत

कोकणचा किनारा ज्यांनी मोटारीतून पाहिला आहे त्यांनी समुद्र पाहिला, पण किनारा पाहिला नाही, असे आम्ही म्हटले तर पुष्कळ वाचकांस ते विधान उद्धटपणाचे वाटेल. काही वर्षांपूर्वी आम्हांसही ते तसेच वाटले असते. जमिनीवरून पाहणाऱ्यास किनारा म्हणजे रस्ता संपतो ती जागा. पाण्यावरून पाहणाऱ्यास मात्र तीच एक लांबच लांब तटबंदी दिसते, आणि त्या तटबंदीला ठिकठिकाणी दरवाजे आहेत. हे दरवाजे म्हणजे आपल्या खाड्या. ते कधी उघडे असतात, कधी मिटलेले असतात; आणि ते केव्हा उघडावेत हे ठरविण्याचा अधिकार पाहुण्यास नसतो. एवढी साधी गोष्ट समजण्यासाठी आम्हांला हर्णैपासून मालवणापर्यंत शिडाच्या मचव्यातून जावे लागले; आणि तिची किंमत आम्ही न भरता दुसऱ्या एकाला भरावी लागली. ती हकीकत सांगावी म्हणून हा लेखनप्रपंच.

ह्या प्रवासाची हौस आम्हांला आजीकडून मिळाली. तिचे माहेर विजयदुर्गाच्या बाजूचे. लग्नानंतर ती मुंबईस आली ती आगबोटीने. पुढे तिला मराठी महिन्यांची नावे सांगताना क्वचित अडखळायला होई, पण हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले ही बंदरे ती एखाद्या स्तोत्रासारखी एका दमात म्हणत असे. आगबोट खोल पाण्यात उभी राही, गावातून पडाव येत, आणि बायकामुले, ट्रंका, आंब्याच्या पेट्या व कोंबड्या ह्यांचा एकच गोंधळ उडून उतारू पडावात उतरत. पावसाळा लागला की ही सेवा बंद होई. पुढे घाटातले रस्ते सुधारले, मोटारी वाढल्या, आगबोटी थांबल्या, आणि 1998 साली कोकण रेल्वे संपूर्ण सुरू झाली. आजीच्या स्तोत्रातली नावे आमच्या मुलांना केवळ समुद्रस्नानाची ठिकाणे म्हणून ठाऊक आहेत.

आमच्या एका स्नेह्यांनी हौसेने एक जुना लाकडी मचवा घेऊन त्यावर नव्याने शीड चढविले होते. आत एक लहानसे यंत्रही होते. परंतु ते केवळ अडीअडचणीसाठी, एरवी शिडावरच जायचे, अशी त्यांची अट होती. मचव्यावर सत्तरीला टेकलेले एक तांडेल, त्यांचा विशीतला भाचा आणि आणखी एक खलाशी असे तिघे. आम्ही व आमच्या सौभाग्यवती असे दोघे उतारू. तांडेलांना सर्वजण मामा म्हणत, म्हणून आम्हीही मामाच म्हणू लागलो. भाचा मोठा तरतरीत. त्याची व्यापारी जहाजावरील शिक्षणासाठी निवड झाली होती. पुढच्याच महिन्यात वैद्यकीय तपासणी व्हायची होती, आणि ती झाली की तो मोठ्या जहाजांवर जाणार होता. त्याच्या बोलण्यात सिंगापूर आणि रॉटरडॅम ही नावे हर्णै-दाभोळच्या सहजतेने येत.

हर्णैपासून मालवणापर्यंत समुद्रमार्गाने अंतर सुमारे 100 सागरी मैल, म्हणजे 185 किलोमीटर. आम्ही घरी नकाशा पुढे ठेवून हिशेब केला होता. ताशी चार मैल धरले तर पंचवीस तास. रोज पाच-सहा तास चालले तरी पाच दिवसांत मालवण. तेथून कुडाळ स्थानक आणि सहाव्या दिवशी सकाळी मुंबईस कचेरीत हजर. रजाही तेवढीच घेतली होती. हा कागद आम्ही मोठ्या अभिमानाने मामांस दाखविला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला आणि विचारले, "ह्यात पाणी कुठे लिहिलंय, भाऊ?" तो विनोद असावा असे समजून आम्ही हसलो.

पाणी म्हणजे काय ते पहिल्याच दिवशी कळले. पौष शुद्ध दशमीच्या पहाटे सुवर्णदुर्गाच्या काळ्या तटाला वळसा घालून आम्ही दक्षिणेकडे निघालो. हिवाळ्यात रात्री जमीन लवकर थंड होते, म्हणून पहाटे वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. हा मतलई वारा. दिवस चढला की जमीन तापते आणि दुपारपासून समुद्रावरून, बहुधा वायव्येकडून, खारा वारा येतो. ह्या दोहोंच्या मध्ये एक-दोन घटका अशा येतात की शीड ओल्या धोतरासारखे लोंबत राहते. शेकडो वर्षे किनाऱ्यावरची गलबते ह्या दोन वाऱ्यांच्या पाळ्यांवर चालत आली. दक्षिणेकडे जाणाऱ्यास दोन्ही वारे अनुकूल. उत्तरेकडे परतणाऱ्यास मात्र पदोपदी झगडावे लागते. म्हणून जुने खलाशी जाण्याचे दिवस मोजत, येण्याचे मोजत नसत, असे मामा म्हणाले.

वारा चांगला लागला आणि अकराच्या सुमारास आम्ही दाभोळच्या खाडीसमोर आलो. एका अंगास गोपाळगडाचा डोंगर, दुसऱ्या अंगास नारळीतून डोकावणारे गाव. आम्ही चपला पायात चढविल्या. आणि मामांनी नांगर टाकला. वाशिष्ठीचे पाणी ओहोटीबरोबर जोराने बाहेर येत होते, आणि त्या पाण्यावर वाऱ्याने चढणे शक्य नव्हते. "यंत्र लावा की," आम्ही म्हणालो. "दाभोळ काही पळून जात नाही, भाऊ. पाणी फिरू दे," मामा म्हणाले आणि विडी पेटवून स्वस्थ बसले. गाव समोर दिसते आहे, देवळाची घंटा ऐकू येते आहे, आणि तीन तास तेथे जाता येत नाही! शहरी मनुष्यास ह्यासारखी शिक्षा नाही. आम्ही घड्याळ पाहत होतो; सौभाग्यवती मामांकडून भरतीचे गणित शिकत होत्या.

ते गणित वाचकांसही सांगण्यासारखे आहे. तिथीचा आकडा घ्यावा आणि त्याची पाऊणपट करावी. जो आकडा येईल तितक्या वाजता, दिवसा व रात्रीही, स्थूलमानाने पूर्ण भरती. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. त्यानंतर सुमारे सहा तासांनी पूर्ण ओहोटी. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटे उशिरा येतो, त्याच्या मागोमाग भरतीही तितकीच मागे पडते, हे शाळेच्या पुस्तकात आम्हीही वाचले होते. पण आमच्या त्या ज्ञानाने आम्हांला कधी कोणत्या बंदरात नेले नव्हते. मामांच्या खिशात पंचांग नव्हते. त्यांना तिथी तोंडपाठ असे.

तिसऱ्या प्रहरी पाणी फिरले आणि आम्हांला कोणी हात धरून आत न्यावे तसा मचवा खाडीत गेला. दाभोळ आज लहान आहे. मोटारी पलीकडे नेणारी फेरीबोट हीच तेथली मोठी वर्दळ. परंतु बहामनी राजवटीत हे पश्चिम किनाऱ्यावरचे एक अग्रगण्य बंदर होते. 15व्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी चौलास उतरून दक्षिणेत हिंडला, आणि परत जाताना येथूनच गलबतात चढला. त्या काळी अरबस्तानास जाणारी जहाजे ईशान्येचा वारा सुटेपर्यंत बंदरात मुक्काम करीत आणि येणारी नैर्ऋत्येच्या वाऱ्यावर येत. तेव्हा बंदर म्हणजे केवळ चढण्या-उतरण्याची जागा नव्हती. ती महिनोन् महिने थांबण्याची जागा होती. थांबणाऱ्यास राहायला घर हवे, जेवायला अन्न हवे, प्रार्थनेस स्थळ हवे, गलबतास सुतार हवा, आणि पैशास सावकार हवा. किनाऱ्यावरच्या जुन्या मशिदीच्या पायऱ्यांवर बसलो असता आमच्या मनात आले की ह्या सगळ्या गावाचे वैभव थांबण्यातून जन्मास आले असावे. आणि माणसांस थांबण्याची गरज उरली नाही तेव्हा ते ओसरले असावे. विचार चांगला सुचला म्हणून आम्ही तो वहीत टिपून ठेवला. आचरणात आणला नाही.

दुसऱ्या दिवशी भरती उलटण्याची वाट पाहून सव्वाआठ वाजता निघालो. मध्येच वारा पडून दोन तास एका जागी डुलत राहिलो. आणि संध्याकाळी जयगडास पोहोचलो. शास्त्री नदीच्या मुखाशी पाणी खोल आहे. म्हणून आजची प्रचंड जहाजे तेथे येतात. त्यांच्या दिव्यांपुढे आमचा कंदील काजव्यासारखा. भाचा रात्री बराच वेळ नाळेवर बसून त्या जहाजांकडे पाहत होता. तिसऱ्या दिवशी रत्नागिरी. तेथे बंदरात यंत्राच्या मच्छीमार नौकांची एवढी दाटी की शीड पाहायला पोरे जमली. 2008 सालच्या मुंबईवरील हल्ल्यानंतर किनाऱ्यावर तपासणी कडक झाली आहे. एका सागरी पोलिसाने आमची कागदपत्रे पाहून झाल्यावर "पण यंत्र असून शिडाने का जाता?" असे कुतूहलाने विचारले. आम्हांस उत्तर सुचेना. मामा म्हणाले, "साहेब, ह्यांना वेळ काढायचा आहे." हेही आम्ही विनोदातच जमा केले.

त्रयोदशीस पहाटे चारला रत्नागिरी सोडून आम्ही पूर्णगडास आलो. मुचकुंदी नदीच्या मुखावर टेकडीवर छोटासा देखणा किल्ला आहे. खाडीच्या तोंडाशी मात्र वाळूचा दांडा आहे; त्यावर भरतीलाच काय ते पुरेसे पाणी. साडेनऊला भरतीवर सहज आत शिरलो, गोडे पाणी भरून घेतले, किल्ला पाहिला. मामांचा बेत असा की रात्री दहाला पुन्हा पाणी भरेल, चांदणे स्वच्छ आहे, मतलई सुटला की निघावे, पहाटे विजयदुर्ग. पण त्यामुळे आमचे वेळापत्रक अर्ध्या दिवसाने चुकत होते. दोन वाजता वायव्येचा सुरेख वारा सुटला. आम्ही नकाशा काढला; विजयदुर्ग अवघे पंधरा मैल; आता निघालो तर संध्याकाळी तेथे, उद्या मालवण, आणि परवा सकाळी मुंबई. आम्ही मामांस सांगितले की निघायचे.

"पाणी उतरतंय, भाऊ," ते म्हणाले.

"थोडे तर उतरले आहे."

"थोडंच लागतं."

सौभाग्यवतींनी आमच्याकडे पाहिले. आम्ही त्यांच्याकडे पाहिले नाही. आणि येथे आम्ही असे एक वाक्य बोललो की ते लिहिताना आजही लेखणी अडखळते. आम्ही म्हणालो, "मामा, ह्या फेरीचे पैसे आम्ही दिले आहेत, आणि उशीर झाला तर नुकसान आमचे आहे." मामा क्षणभर गप्प राहिले. मग त्यांनी भाच्याला नांगर उचलण्याची खूण केली.

ओहोटीचे पाणी समुद्राकडे धावत असते आणि वारा व लाटा समुद्रावरून आत येत असतात. ही दोन बळे जेथे समोरासमोर येतात तेथे लाट आखूड व उभी होते, आणि उथळ वाळूवर ती फुटते. किल्ल्यावरून पांढरी रांगोळी भासलेली ती रेघ जवळ गेल्यावर माणसाच्या उंचीची निघाली. मामांनी यंत्र सुरू केले, शीड अर्धे उतरविण्यास सांगितले. पहिली लाट नाळेने फोडली. दुसरीने मचवा उचलला आणि खाली आपटला. तळ वाळूला लागला तो आवाज पोटात गेला. यंत्राच्या पंख्यात वाळू येऊन ते बंद पडले. मचवा आडवा होऊ लागला, शिडाची दोरी सुटली, आणि ती आवरण्यासाठी धावलेल्या भाच्याचा उजवा हात दोरी व खुंट्यामध्ये सापडला. तो ओरडला नाही. त्याने फक्त "मामा" असे म्हटले, अगदी लहान मुलासारखे.

पुढचे सर्व दोन मिनिटांत झाले. मामांनी सुऱ्याने दोरी कापली, शीड खाली पाडले आणि सुकाणू असे फिरविले की पुढच्या लाटेने मचवा दांड्याच्या आतल्या अंगास, शांत पाण्याच्या कडेच्या वाळूवर नेऊन टाकला. पाणी उतरत गेले तसा तो तेथेच एका कुशीवर कलला. किनाऱ्यावरच्या मच्छीमारांनी होडी आणून भाच्यास नेले. सौभाग्यवती त्याच्याबरोबर गेल्या. रिक्षाने दवाखाना, टाके, आणि पुढे रत्नागिरीस क्ष-किरण तपासणी. दोन बोटांची हाडे मोडली होती. आम्ही मात्र मामांबरोबर कललेल्या मचव्यातच बसून राहिलो, कारण आता खरोखरच पाणी भरेपर्यंत करण्यासारखे काही नव्हते.

त्या चार तासांत मामा आम्हांला एक शब्दही लागेल असा बोलले नाहीत. बोलले असते तर बरे झाले असते. त्यांनी फळ्यांचे सांधे चाचपून कोठे पाणी येते ते पाहिले, यंत्रातली वाळू काढली, आम्हांला चहा करून दिला. शेवटी न राहवून आम्हीच म्हणालो, "मामा, चूक आमची झाली." ते म्हणाले, "चूक माझी. तुम्हांला पाणी दिसत नव्हतं. मला दिसत होतं. तांडेलाने पैसे ऐकायचे नसतात." आम्ही त्यांचे समाधान करावयास शब्द शोधू लागलो, पण सापडेनात, कारण जे पैसे त्यांना ऐकावे लागले ते आम्हीच बोललो होतो. दिवस मावळताना वाळूच्या खालून पाणी आले. प्रथम एखाद्या ओल्या रेघेसारखे, मग बोटभर, मग गुडघाभर. सहाच्या सुमारास मचवा कण्हल्यासारखा आवाज करून सरळ झाला आणि तरंगला.

दुरुस्तीसाठी दोन दिवस पूर्णगडास काढावे लागले. गावातल्या एका वृद्ध सुताराने सुटलेल्या सांध्यांत कापूस ठोकून तेल चढविले आणि मजुरी घेताना आमच्याकडे न पाहता मामांकडे पाहिले. आम्ही कचेरीस दूरध्वनी करून रजा वाढवून मागितली. ती एका वाक्यात मिळाली. ज्या एका दिवसासाठी आम्ही एवढा अट्टाहास केला होता तो दिवस मागताच मिळणारा होता. आम्ही तो मागितलाच नव्हता. भाच्याची वैद्यकीय तपासणी मात्र ठरल्या तारखेस व्हायची ती झाली नाही, आणि त्याचे ते वर्ष गेले. आमचा एक दिवस वाचावा म्हणून त्याचे एक वर्ष खर्ची पडले. हा हिशेब आमच्या त्या अभिमानाच्या कागदावर कोठेच नव्हता.

पौर्णिमेच्या रात्री बाराच्या सुमारास, भरलेल्या पाण्यावर, आम्ही दांडा ओलांडला. तोच दांडा, पण त्याच्यावरून मचवा असा गेला की खाली वाळू आहे हे सांगूनही खरे वाटले नसते. भाचा घरी गेला होता. त्याच्या जागी दोरी आम्ही धरली होती. मतलई वारा थंडगार, चांदण्यात जैतापूरच्या खाडीचे मुख दिसले. ह्याच खाडीतून एके काळी गलबते राजापुरापर्यंत जात. तेथे इंग्रजांची वखार होती व 1661 साली शिवाजीमहाराजांच्या फौजेने ती लुटली. आज डोंगरांवरून उतरलेल्या मातीने ती वाट उथळ झाली आहे.

पहाटे विजयदुर्ग आले. 1756 साली इंग्रजी आरमाराने येथेच तुळाजी आंग्र्यांची गलबते जळताना पाहिली. पण आम्हांस त्या किल्ल्यापेक्षा वाघोटणच्या खाडीत खडक फोडून केलेली जुनी गोदी अधिक पाहावीशी वाटली. शंभर मीटरांहून लांब असलेल्या त्या जागेत भरतीला गलबत आत घ्यायचे आणि पाणी उतरले की त्याच्या तळाची डागडुजी करायची. ज्या आरमाराची दहशत साऱ्या किनाऱ्यावर होती तेही आपल्या घरी भरतीची वाट पाहत बसे! त्या दगडांवर बसून आम्ही आजीची आठवण काढली. तिच्या बंदरांच्या यादीत प्रत्येक नावामागे ती थोडी थांबत असे. ते तिचे वय नव्हते, ती त्या त्या बंदरातली वाट पाहणे होते, असे आता वाटते.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिंधुदुर्गाचा तट दिसला. मालवणच्या वाटेवर पाण्याखाली खडक आहेत; म्हणूनच महाराजांनी 1664 साली ह्या बेटावर किल्ल्याचा पाया घातला असावा, कारण वाट ठाऊक असणाऱ्यासच येथे येता येते. मामांनी बंदराबाहेर नांगर टाकला. का, असे आम्ही विचारले नाही. सौभाग्यवतींनी बोटांवर द्वितीयेची पाऊणपट केली आणि म्हणाल्या, "दीडला."

भाच्याचा हात बरा झाला. एका बोटाचे टोक अजून पुरते मिटत नाही, पण पुढल्या वर्षी तपासणीत तो उतरला आणि आता जहाजावर आहे. त्याची चित्रे मामांच्या भ्रमणध्वनीवर येतात व मामा ती आम्हांस पाठवितात. त्याने आम्हांला कधी दोष दिला नाही. पण जयगडच्या त्या रात्री तो ज्या नजरेने दिवे पाहत होता ती नजर आम्ही विसरू शकत नाही.

दरवर्षी नारळी पौर्णिमेस मामांचा दूरध्वनी येतो. समुद्राला नारळ दिला, आता शीड चढवतो, असे सांगतात आणि विचारतात, "येणार ना, भाऊ?" गेल्या खेपेस आम्ही म्हणालो, "येऊ. किती दिवसांची रजा काढू?"

पलीकडे थोडा वेळ फक्त लाटांचा आवाज येत होता. मग मामा म्हणाले, "तिथी बघून सांगतो."